चतकोराचं विमान

११ नोव्हेंबर २००७, सोनाळा

विमान! आमच्या जानरावला विमान लागलं!

बीटी कापसाच्या पाकिटात कूपन निघालं होतं, त्याची आज सोडत. मोतीरामच्या कृषी केंद्रासमोर मांडव, भोंगा, झेंडूचे हार. मोतीराम मोबाइल कानाला लावून कंपनीच्या माणसाचं ऐकत होता आणि ऐकेल तसं भोंग्यावर ओरडत होता — "पहिलं बक्षीस! विमान! दोन! जानराव इंगळे!" दोन म्हणजे नवरा-बायको दोघांचं तिकीट, आणि विमान म्हणजे नागपूर ते मुंबई, हे संशोधन मोतीरामचं स्वतःचं. फोनवर खरखर तर इतकी की मांडवाच्या टोकापर्यंत ऐकू येत होती. मी खामगावच्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये जन्म घालवला. अर्धं ऐकून उरलेलं मनाने भरणाऱ्या माणसाला आम्ही बोर्डाजवळ फिरकू देत नसू. इथे अशा माणसाच्या हाती भोंगा!

सगळ्या गावाने टाळ्या वाजवल्या. ज्या बियाण्याच्या पाकिटातून विमान निघालं, त्याच बियाण्याची पऱ्हाटी वावरात लाल पडून उभ्या उभ्या वाळते आहे — यावर एकानेही तोंड उघडलं नाही. जानरावनेही नाही. गळ्यात हार आणि तोंडाला कुलूप. पानं लाल व्हायला लागली तेव्हापासूनचं आहे हे कुलूप.

१३ नोव्हेंबर

कला आली होती. जानरावची बायको. बसली नाही. पिशवीतून औषधाचा डबा काढला — पऱ्हाटीवर फवारायचं ते, जहाल. म्हणाली, "ताई, हा तुमच्या घरी राहू द्या."

कशाला, असं मी विचारलं नाही. तिने सांगितलं नाही. दाराशी जाऊन एवढंच म्हणाली, "दिवसभर बाजीवर पडून आढ्याकडं पाह्यत रायतात जी. जेवा म्हटलं त जेवतात. नाही म्हटलं त नाही."

डबा स्वयंपाकघरात ठेवला. माठाच्या वरच्या फळीवर, रिकाम्या बरणीमागे. हात साबणाने धुतले, पुन्हा धुतले.

धाकटा भाऊ आहे जानराव माझा. शाळेत जाताना माझ्या फ्रॉकचं टोक धरून चालायचा.

१४ नोव्हेंबर

दिवसभर कोणी आलं नाही. मीही कुठे गेले नाही. असे दिवस हल्ली बरेच. बोलण्यासारखं असतं काय!

१६ नोव्हेंबर

शेवटी मीच गेले. बाजेजवळ उभी राहून स्पष्ट विचारलं, "विमानात बसणार आहेस की नाही? लोक मला विचारतात."

मग आढ्याकडे पाहतच म्हणाला, "वर कसं जाते ते समजते. खाली कसं येते?"

बोलला! आख्खं वाक्य! कलाच्या हातातलं सूप थांबलं.

"येतं की. रोज येतात."

"नागपूरले मी दरसाल दीक्षाभूमीले जातो. बसनं. बस थांबते तवा जमिनीवरच असते." मग माझ्याकडे मान वळवली. "कोणी खाली उतरवून दाखवलं, त बसतो."

"मी दाखवते," मी म्हणाले.

म्हणाले खरी! आता रात्र झाली आहे आणि मला घाम फुटला आहे. मी आजवर विमानतळसुद्धा पाहिलेला नाही. पण शब्द दिला तो दिला. अकोल्याच्या कॉन्व्हेंटात सिस्टर म्हणायच्या — चुकीचं बोललीस तरी चालेल कोकिळा, पण पुटपुटायचं नाही. तेवढं एक मी आयुष्यभर पाळलं. बाकी त्यांचं काही पाळलं नाही.

१८ नोव्हेंबर

शेगावहून वहाबला बोलावलं. हा मनुष्य आधी रेडिओ दुरुस्त करायचा, मग टीव्ही, आता कॉम्प्युटर. प्रत्येक काळात आवाज तेवढाच मोठा आणि अंदाज तेवढाच चुकीचा. पण जिल्ह्याच्या या टोकाला दुसरा आहे कोण?

माझा कॉम्प्युटर निवृत्तीच्या वर्षी घेतलेला. त्यावर मी पत्त्यांचा एक खेळ तेवढा खेळते. बाबासाहेबांच्या तसबिरीखाली टेबल आहे. वहाबने त्यात विमानाचा खेळ घातला आणि विमान वळवायची एक दांडी, स्टिक म्हणतात तिला, जोडून दिली.

"मॅडम, याले खेळ म्हणू नका. पायलट लोकं याच्यावरच शिकतात. एकदा याच्यावर उतरवलं, की खरंखुरं उतरवणं म्हणजे मामूली बात."

"तुम्ही उतरवलं आहे?"

"आपला धंदा बसवून द्यायचा, मॅडम. उडवणं गिऱ्हाइकाकडं."

१९ नोव्हेंबर

जानराव आला!! टोपी घालून, जणू खरंच गावाला निघाला आहे. स्टुलावर बसला.

नागपूरहून निघालो. विमान धावपट्टीवर उजवीकडे झुकत झुकत, गवत तुडवत, कसंबसं वर गेलं. मी स्टिक अशी धरली होती की बोटं पांढरी पडली.

"आपलं गाव दाखव," तो म्हणाला.

दाखवते कुठून! या खेळात आख्खा बुलढाणा जिल्हा हिरव्या चौकोनी गवताचा आहे. मध्ये नीटनेटकी झुडपांची कुंपणं. पऱ्हाटी नाही, तूर नाही, एक बाभूळ नाही. लोणारचं सरोवर गायब! हजारो वर्षांपूर्वी आकाशातून उल्का पडून झालेलं एवढं मोठं विवर, आणि आकाशातून पाहणाऱ्यांनाच ते दिसू नये!

जानराव पडद्याजवळ वाकून म्हणाला, "हे कोणाचं वावर होय? मेंढ्या चारायचं दिसते." मग जरा थांबून, "बरं आहे त्याचं."

मुंबई जवळ आली. इमारती दिसू लागल्या आणि चित्र अडखळायला लागलं. थांबायचं, एकदम पुढे उडी मारायचं, पुन्हा थांबायचं. मी स्टिक डावीकडे केली की विमान चार श्वास घेऊन मग डावीकडे जायचं — तोवर मी उजवीकडे केलेली. समुद्रात गेलो.

"पडलंच ना," जानराव म्हणाला. तेच ते मेलेलं तोंड. उठला, पाणी प्यायला आत गेला. किती वेळ लावला! मला वाटलं मागच्या दाराने निघून गेला. बाहेर आला तो पुढे न येता चौकटीतच उभा. माझ्याकडे बघत. मी पडलेल्या विमानावर वहाबला शिव्या देत होते.

मग म्हणाला, "उद्या किती वाजता?"

लागू पडलं! पडलेलं का असेना, विमान लागू पडलं!

२१ नोव्हेंबर

रोज येतो. रोज पडतो. विमान मुंबईपर्यंत शहाण्यासारखं येतं आणि इमारती दिसल्या की त्याच्या अंगात येतं. शेजारची आशाबाई भिंतीवरून विचारते, "बाई, तुमच्या घरी रोज दुपारी काय पडते वो?"

वहाब येऊन निदान करून गेला. माझा कॉम्प्युटर एका कोरचा आहे. आता नवीन निघाले आहेत — "क्वाड कोर, मॅडम!"

"चतकोर?" जानराव म्हणाला.

"चतकोर नाही हो भाऊ, क्वाड कोर. एकाच डोक्यात चार भेजे. चार! स्पीड चौपट."

"मंग चतकोरच झाला ना. एकाचे चार तुकडे."

वहाबने कपाळाला हात लावला. कला भाकरीचं दुरडं घेऊन आली होती, ती म्हणाली, "अवो, चतकोरानं कोणाचं पोट भरलं?"

मी म्हणाले, घेऊन या. चौपट म्हणता तर चौपट झालं पाहिजे. जानराव पाणी प्यायला आत गेला. फार पाणी पितो हल्ली. माठ दुपारीच तळाला जातो.

२७ नोव्हेंबर

नवीन आला. काळा, चकचकीत, पंखा असा गरगरतो की मळणी यंत्र घरात घेतलं असं वाटावं.

नागपूरहून निघालो. कुंपणवाल्या गवतावरून गेलो. मुंबई आली.

थांबला. उडी. थांबला. उडी. समुद्र!!

उलट आधीपेक्षा वाईट! मी वहाबला फोन लावला आणि एक्सचेंजमध्ये वरिष्ठांशी बोलताना वापरत असे तो आवाज लावला. संध्याकाळी मनुष्य हजर.

त्याने पडद्यावर एक खिडकी उघडली. तिच्यात चार चौकोन, प्रत्येक कोरला एक. खेळ सुरू केला. पहिल्या चौकोनातली रेघ छताला जाऊन चिकटली. बाकीच्या तिघांत — सपाट. मेलेल्या माणसाच्या नाडीसारखी सपाट!

"हे तिघं काय करत आहेत?" मी विचारलं.

"आराम."

"आराम?"

"आता कसं आहे मॅडम, खेळ लिहिला तवा एकाच कोरचा जमाना होता. म्हणून तो एकाच कोरले हाक मारते. विमान त्यानंच उडवायचं, ढग त्यानंच, दुसऱ्यांची विमानंही त्यानंच, इमारतीही त्यानंच उभ्या करायच्या. मुंबईत कामाचा ढीग झाला की तो बसते खाली."

"आणि जुना एकटा होता तो ह्याच्यापेक्षा बरा चालत होता, तो कसा?"

वहाब तसबिरीकडे बघायला लागला. "तसं पाह्यलं त… जुना एकटा होता पण पळत होता जोरात. हे चौघं जरा दमानं पळतात. चौघं मिळून पळाले त त्याच्या पुढे जातील. पण मिळून पळाले त!"

म्हणजे चौपटच्या जागी पाऊणपट! हे बोलायला त्याला जीभ नको होती आठवड्यापूर्वी?

माझ्या डोळ्यांपुढे खामगावचं एक्सचेंज उभं राहिलं. बोर्डावर आम्ही चौघी. ट्रंक कॉल लागला की साहेबाची हाक एकच — "कोकिळाबाई!" तीन जणी स्वेटर विणत बसायच्या. मुंबई हवी, कोकिळा. भुसावळ तुटलं, कोकिळा. मंत्री खोळंबले, कोकिळा. वर्षअखेरीला साहेब भाषणात म्हणायचे, आपल्या चौघी अत्यंत कार्यक्षम आहेत! त्या पहिल्या चौकोनातल्या रेघेकडे पाहून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. सांगायला लाज वाटते, पण आलं.

३० नोव्हेंबर

विमान मुंबईच्या धावपट्टीसमोर, चाकं खाली, आणि भारनियमन! बॅटरी किंचाळली, पडदा काळा.

जानराव: "डिझेल संपलं."

विनोद केला त्याने. कलाला सांगितलं तर पदराने डोळे पुसायला लागली.

३ डिसेंबर

आज जानरावनेच वहाबला विचारलं, "तिघांले थोडंथोडं काम वाटून काऊन देत नाही बे? वावरात चार माणसं असली त एकच निंदते का?"

"खेळाचं ठिगळ निघालं आहे भाऊ," वहाब म्हणाला. "पॅच म्हणतात. शेगावच्या दुकानात इंटरनेटवरून उतरवून आणतो. मंग खालची जमीन रंगवायचं काम हे तिघं करतील. विमान मात्र पहिल्यालेच उडवावं लागते, ते वाटता येत नाही."

"ते बराबर," जानराव म्हणाला. "कासरा एकाच्याच हाती पाह्यजे."

दोघे असे बोलत होते जणू तिथे मी नव्हतेच. मला त्याचा राग आला नाही, याची नोंद करून ठेवते. मला सहसा येतो.

६ डिसेंबर

ठिगळ बसलं. उघडून पाहिली ती खिडकी — दुसरी, तिसरी, चौथी रेघ हलते आहे! स्वेटर ठेवून उठल्या बायका!

खालची जमीन आता पटकन रंगते, आधीसारखी चिखल झाल्यासारखी दिसत नाही. कुंपणाचं एकेक झुडूप दिसतं. पण मुंबईत अजूनही पहिल्याची दमछाक. वहाबने व्हायरस पकडणाऱ्या प्रोग्रामला पहिल्या कोरवरून उठवून चौथ्यावर बसवलं. मी म्हणाले, ढग काढा. ढग काढले. दुसऱ्यांची विमानं काढा. "मॅडम, सुनं सुनं वाटंल." वाटू दे! निम्म्या इमारती काढायला लावल्या. मुंबईला त्याने काही फरक पडत नाही.

सकाळी बाबासाहेबांच्या पुतळ्यापाशी आम्ही तिघं गेलो होतो. येताना जानराव म्हणाला, "आज उतरवायचं नको. उद्या." बरोबर आहे. आजचा दिवस विमानाचा नव्हे.

९ डिसेंबर

उतरलं!!!

कुठून लिहू? मुंबई आली. निम्मीच, पण आली. चित्र अडखळलं नाही. पाण्यासारखं सरकत होतं. माझ्या हाती स्टिक, इंजिनाचा वेग कमीजास्त करायचं बटण जानरावच्या बोटाखाली. हे दुसऱ्याला दिलं तर चालतं, हा शोध आमचा.

"ढील दे," मी म्हणाले.

"देऊन राह्यलो."

"आणखी."

"थांब वं ताई, घाई नको करू. उतारावर बैल सोडून देत असते का? थोडं धरून… धरून… आता सोड!"

चाकं टेकली, विमान एकदा उचकी लागल्यासारखं उडालं, पुन्हा टेकलं, आणि पळत पळत पट्टीच्या मधोमध उभं राहिलं. पंखा तेवढा गरगरत होता.

मग जानराव हसला. लाल पऱ्हाटीनंतर पहिल्यांदा. एक दात कधी पडला त्याचा? मला माहीत नव्हतं.

"आता बसशील ना खऱ्या विमानात?"

"एकदा उतरलं त काय झालं," तो म्हणाला, टोपी घालत. "उद्या ढग घालून उतरव."

आणि पाणी प्यायला गेला.

१४ डिसेंबर

हे लिहिताना पेन कागदात रुततं आहे. रागाने. आणि रागानेच, असं मी स्वतःला सांगते आहे.

तिकिटाची चौकशी करायला मोतीरामकडे गेले. म्हणाला, "अवो बाई, बरं झालं आल्या. जानरावचं बक्षीस कालच्या टेम्पोनं आलं." आणि गल्ल्याखालून काढून समोर ठेवलं. कापसाच्या बियाण्याची पाकिटं. दोन. वर निळं आकाश, पांढरं विमान, आणि मोठ्या अक्षरांत कंपनीच्या नव्या वाणाचं नाव —

विमान.

"मी विमान म्हटलं होतं, विमानच आलं," मोतीराम म्हणाला. "दोन म्हटलं होतं, दोनच आले." निर्लज्ज! मी त्याला जे बोलले ते कॉन्व्हेंटातही शिकवत नाहीत आणि एक्सचेंजमध्येही चालत नाही. पण इथे लिहीत नाही.

पाकिटं पदराखाली घेऊन घरी आले. फळीवर डब्याला लागून ठेवली. बरणीमागे दिसूही नयेत.

जानराव वेळेवर आला. ढग घालून उतरवायचं होतं. मला स्टिक धरवेना. "डोकं दुखतं," मी म्हणाले. मग त्यानेच धरली. एकट्याने. ढगांतून काढलं, चित्र मधूनमधून अडकत होतं तरी घाबरला नाही, अलगद टेकवलं. माझ्याकडे वळून पाहिलं — शाबासकीसाठी, लहानपणी बघायचा तसं. मी म्हणाले, छान.

याला कसं सांगू की ज्याने पऱ्हाटी जाळली तेच पाकीट नवीन नाव घालून बक्षीस म्हणून आलं आहे? ज्या विमानाने याला बाजेवरून उठवलं ते कधी नव्हतंच?

सांगणार नाही. नागपूरपर्यंत मी घेऊन जाईन, तिकीट माझं. कसंही करून. पण सांगणार नाही.

नेहमीसारखा पाणी प्यायला गेला. मागच्या दारानेच घरी जाताना म्हणाला, "डोक्याले तेल लाव."

१५ डिसेंबर, सकाळ

चहा करायला गेले आणि बरणीमागे पाहिलं. पाकिटं नाहीत.

डबा नाही.

१५ डिसेंबर, नंतर

चप्पल न घालता पळाले. उंबऱ्यातूनच ओरडले, "डबा कुठे आहे?"

जानराव चुलीपाशी बसून भाकरी मोडत होता. "बांधावर खड्डा केला. त्यात ओतला, वरून माती. पाकिटंही त्यातच."

"पाकिटं पाहिलीस तू?"

"मोतीरामच्या भिंतीले दसऱ्यापासून पोस्टर आहे वं. 'येत आहे विमान'. मले वाचता येते."

"दसऱ्यापासून माहीत होतं? मग रोज कशाला येत होतास?"

त्याने वर पाहिलं नाही.

"एकटी रायतं. कोणासंग बोलत नाही. पहिल्या दिवशी पाणी प्याले गेलो त फळीवर औषधाचा डबा. तुह्या घरी ना वावर, ना पऱ्हाटी. मी काय समजाव?"

कलाने पदर तोंडात कोंबला. मी तिच्याकडे पाहिलं, तिने माझ्याकडे.

जानरावने ताट सरकवलं. "बस. चतकोर खाय."

मी अर्धी खाल्ली.